गोवा विधानसभेचे नियम कोण ठरवतो, केव्हा ठरवतो? नव्या अधिवेशनाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वरीत, गोवा विधानसभेच्या संकुलात, अधिवेशन सुरू झाले की चर्चा होते ती कोण काय बोलला आणि मार्शलनी कोणाला बाहेर नेले याची. कोणत्या नियमाखाली बोलू दिले आणि कोणत्या नियमाखाली थांबवले, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत येते, कित्येकदा येतही नाही. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या माणसाचा प्रश्न मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडणार की कागदावरच राहणार, हे मात्र तिथेच ठरते. लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे सविस्तर देत आहे.

नवी विधानसभा निवडून आली की नियमही नव्याने मंजूर करावे लागतात का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २०८ प्रमाणे विधानसभा आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. एकदा केलेले नियम सभागृह स्वतः बदलेपर्यंत चालू राहतात. निवडणूक झाली, पक्ष बदलले, चाळीसपैकी तीस चेहरे नवे आले, तरी पहिल्या दिवशी सभापतींच्या टेबलावर जुनेच नियमांचे पुस्तक असते. राज्यपालांच्या किंवा मंत्रिमंडळाच्या मंजुरीने हे नियम लागू होत नाहीत, त्यांवर अधिकार सभागृहाचा.

यात सोय आहे, तसा धोकाही आहे. सोय अशी, की नव्या बहुमताला पहिल्याच दिवशी विरोधकांचे हक्क कापता येत नाहीत. धोका असा, की नियम जुने झाले, अपुरे ठरले, तरी त्यांकडे बघण्याची वेळ ठरलेली नाही. कोणीतरी मुद्दाम विषय काढल्याशिवाय तो निघत नाही.

मग दर वेळी नियम मंजूर होतात, असे लोकांना का वाटते?

अमेरिकेतल्या बातम्यांमुळे. तिथल्या प्रतिनिधिगृहात दर दोन वर्षांनी निवडून येणारे सभागृह स्वतःला नवे मानते आणि जानेवारीत सुरुवातीलाच आपले नियम ठरावाने मंजूर करून घेते. तिथे नियम ही सौदेबाजीची वस्तू होते. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना सभापती होण्यासाठी मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. पाठिंबा मिळवताना त्यांनी जे मान्य केले त्यात एक नियम असा होता, की एकटा सदस्यही सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव आणू शकेल. त्याच ऑक्टोबरमध्ये एका सदस्याने तसा प्रस्ताव आणला आणि मॅकार्थी पायउतार झाले. जानेवारी २०२५ च्या नियमांत ही अट बहुमतातल्या पक्षाच्या नऊ सदस्यांपर्यंत वाढवली गेली. सिनेटची तऱ्हा निराळी. दर दोन वर्षांनी तिथले साधारण एक तृतीयांश सदस्यच बदलतात, त्यामुळे ते सभागृह स्वतःला अखंड मानते आणि त्याचे नियम चालू राहतात.

आपल्याकडे सभापतींना हटवण्याची पद्धत घटनेतच बांधलेली आहे. कलम १७९ प्रमाणे १४ दिवसांची नोटीस लागते आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते. सर्व ४० जागा भरलेल्या असतील तर २१ मते. हजर किती आहेत याचा तिथे संबंध नाही. हे नियमांच्या पुस्तकात असते तर कुठल्याही बहुमताने बदलले असते. घटनेत असल्यामुळे पर्वरीच्या हाताबाहेर आहे, आणि ते योग्यच आहे.

गोव्याच्या सभागृहाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार केव्हापासून आहे?

गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. सभागृह ३० निर्वाचित सदस्यांचे होते आणि पहिली बैठक जानेवारी १९६४ मध्ये पणजीत, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात भरली. पां. पु. शिरोडकर पहिले सभापती झाले. तेव्हाचे सभागृह १९६३ च्या संघप्रदेश शासन कायद्याखाली चालायचे. नियम करण्याचा अधिकार त्या कायद्यानेही विधानसभेला दिला होता, पण पूर्ण नव्हे. अर्थविषयक कामकाज वेळेत पुरे होण्यासाठीचे नियम प्रशासक, म्हणजे नायब राज्यपाल, सभापतींशी सल्लामसलत करून आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेने करायचे. प्रशासकाच्या स्वविवेकाधिकारातल्या बाबींवर चर्चा करण्यास किंवा प्रश्न विचारण्यास मनाई करणारे नियमही त्यांनीच करायचे होते. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने काय विचारायचे नाही, हे दिल्लीने नेमलेला माणूस ठरवू शकत होता.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि कलम २०८ पूर्णपणे लागू झाले. सभागृह १९८९ च्या निवडणुकीपासून ४० सदस्यांचे झाले आणि २००० मध्ये पर्वरीच्या नव्या संकुलात गेले. घटक राज्याचा दर्जा म्हटला की आपल्याला भाषेचा लढा आणि दमण-दीवचे वेगळे होणे आठवते. सभागृहाला स्वतःच्या घरात मोकळेपण मिळाले हीदेखील त्या दिवसाची मोठी कमाई, तिची आठवण फार कमी जण काढतात.

विधानसभा, अधिवेशन आणि बैठक यांत फरक काय?

विधानसभा पाच वर्षांची, आधी विसर्जित झाली नाही तर. अधिवेशन राज्यपाल बोलावतात आणि तेच त्याची सत्रसमाप्ती करतात. बैठक म्हणजे रोजचे कामकाज, ते सभापती तहकूब करतात. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, असे कलम १७४ सांगते. सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक मरत नाही. विधानसभा विसर्जित झाली तर मात्र तिच्यापुढे पडून असलेले विधेयक रद्द होते.

निवडणुकीनंतर पहिल्या दिवशी नेमके काय होते?

जुने सभापती विधानसभा विसर्जित झाल्यावरही पदावर असतात, ते थेट नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत. मग खुर्ची रिकामी होते. तेव्हा राज्यपाल एका सदस्याची हंगामी सभापती म्हणून नेमणूक करतात. ते सर्वांना शपथ देतात आणि सभापतींची निवडणूक घेतात. मार्च २०२२ मध्ये गणेश गावकर हंगामी सभापती होते. रमेश तवडकर २४ विरुद्ध १५ मतांनी निवडून आले. बेरीज ३९ होते, कारण खुर्चीवर बसलेला सदस्य मत देत नाही. समसमान मते पडली तरच त्याला निर्णायक मत असते. (तवडकर २०२५ मध्ये मंत्री झाले आणि त्यांच्या जागी तेच गावकर सभापती झाले.)

सभापती निवडले की राज्यपालांचे अभिभाषण. निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनात ते बंधनकारक आहे. या अभिभाषणावर चर्चेसाठी वेळ देण्याची तरतूद नियमांत असलीच पाहिजे, अशी सक्ती घटनेनेच केली आहे. बाकी बरेच काही सभागृहावर सोडलेले असताना घटनाकारांनी ही एक गोष्ट सोडली नाही. सरकारने आपला कार्यक्रम सांगायचा आणि लोकप्रतिनिधींनी मान डोलावून घरी जायचे, असे होऊ नये एवढा त्याचा अर्थ.

हंगामी सभापती बहुमत चाचणी घेऊ शकतात का?

घेऊ शकतात, आणि गोव्यात तसे झाले आहे. २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. मनोहर पर्रीकरांना सरकार बनवण्यासाठी बोलावल्यावर काँग्रेसचे चंद्रकांत कवळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १६ मार्चला चाचणी घ्यायला सांगितली आणि त्या दिवशी शपथविधीनंतर फक्त चाचणी, दुसरा विषय नाही, असे बजावले. म्हणजे त्या सभागृहाची पहिली विषयपत्रिका दिल्लीतल्या न्यायालयात ठरली. पर्रीकरांच्या बाजूने २२ आणि विरोधात १६ मते पडली. हंगामी सभापती सिद्धार्थ कुंकळयेकर खुर्चीवर होते आणि काँग्रेसचे विश्वजित राणे मतदानाआधी बाहेर गेले होते. नियमित सभापतींची निवड त्यानंतर झाली.

दोन वर्षांनी आणखी एक प्रसंग आला. पर्रीकरांच्या निधनानंतर मार्च २०१९ मध्ये सभापती असलेले प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. खुर्ची रिकामी होती, पण उपसभापती होते, म्हणून हंगामी सभापती नेमायची गरज पडली नाही. हे उपसभापती मायकल लोबो यांनी चाचणी घेतली, निकाल २० विरुद्ध १५. सभागृहात तेव्हा खुर्चीवरच्या लोबोंसह ३६ सदस्य उरले होते, म्हणून एवढीच बेरीज. उपसभापतीचे पद शोभेचे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा दिवस आठवावा.

शपथ न घेता कोणी सभागृहात बसला तर?

नुसता बसला किंवा मतदान केले, तरी रोज ५०० रुपये दंड. कलम १९३.

अधिवेशन किती दिवसांचे, हे नियमांत लिहिलेले नाही का?

नाही, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा इथे आहे. अधिवेशन केव्हा बोलवायचे हे मंत्रिमंडळ ठरवते आणि राज्यपाल त्या सल्ल्याने बोलावतात. घटना फक्त सहा महिन्यांच्या अंतराची मर्यादा घालते, किमान इतके दिवस भरवा असे कुठेच म्हणत नाही. गोव्यात पावसाळी अधिवेशन मोठे असते. २०२३ मध्ये ते १८ दिवसांचे होते, २०२५ मध्ये १५ दिवसांचे. हिवाळी अधिवेशन काही दिवसांत आटोपते. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ), लक्षवेधी सूचना, शुक्रवारचे खासगी सदस्यांचे, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांचे, कामकाज, ही आमदाराच्या हातातली सगळी आयुधे बैठकीच्या दिवसांवर अवलंबून आहेत. अधिवेशनात शुक्रवार एकच आला तर खासगी ठरावांचा दिवसही एकच. नियमाला हात न लावता नियमाने दिलेला हक्क असा आकसतो.

उरलेल्या वेळाची वाटणी कामकाज सल्लागार समिती करते. सभापती तिचे अध्यक्ष असतात, आणि कोणत्या विधेयकाला किती वेळ, कोणत्या खात्याच्या खर्चाच्या मागण्यांना किती, हे तिथे ठरते. ही बैठक बंद दाराआड होते. अधिवेशनाआधीच्या या बैठकीला अधिवेशनाइतकेच महत्त्व आहे. विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार घातला की मला वाईट वाटते, कारण वाटणीच्या वेळी घरात नसलेल्याला नंतर अंगणात ओरडावे लागते.

नियम बदलायचा असेल तर काय करावे लागते?

नियम समिती असते, तिचेही अध्यक्ष सभापतीच. बदलाची सूचना समितीकडे जाते, समिती शिफारस करते, ती सभागृहासमोर ठेवली जाते आणि सभागृहाच्या मान्यतेने नियम बदलतो. साध्या बहुमताचे काम आहे. नियमांत ज्याची तरतूद नाही तिथे सभापती निर्देश देतात, आणि वर्षानुवर्षे असे निर्देश साचून तेही नियमांइतकेच वजनदार होतात. नव्या आमदाराने पुस्तकासोबत हे निर्देशही वाचले पाहिजेत. जे वाचतात ते सभागृहात लगेच ओळखू येतात: हरकतीचा मुद्दा मांडताना ते आवाज चढवत नाहीत, नियमाचा क्रमांक सांगतात.

पक्षांतर केलेल्या आमदाराला अपात्र ठरवण्याच्या अर्जांचे नियम वेगळे आहेत. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदीच्या तरतुदी) ते सभापती स्वतः करतात. ते सभागृहापुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि सभागृह त्यांत फेरबदल करू शकते किंवा ते नाकारू शकते.

नियम तात्पुरता बाजूला ठेवता येतो का?

येतो. सभापतींच्या संमतीने एखादा नियम विशिष्ट प्रस्तावापुरता स्थगित करण्याचा प्रस्ताव आणता येतो. शिवाय बऱ्याच मुदती सभापती स्वतःच्या अधिकारात शिथिल करू शकतात. विधेयकाची प्रत आमदारांना आधी मिळावी, वाचायला वेळ मिळावी, यासाठी मुदत असते. ती शिथिल झाली की सकाळी मांडलेले विधेयक संध्याकाळपर्यंत संमत होऊ शकते.

जुलै २०२१ मधले तीन दिवसांचे अधिवेशन गोवेकर विसरलेले नसतील. ३० जुलैला, शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक इतर विधेयकांसोबत घाईने संमत झाले. ३० वर्षे गोव्यात राहणाऱ्याला भूमिपुत्र ठरवून त्याच्या छोट्या घराला मालकी देण्याचा तो प्रस्ताव होता. जमीन आणि अस्मिता हे गोव्यातले दोन सर्वांत नाजूक विषय त्यात एकत्र होते. पुरेशी चर्चा झाली नाही म्हणून विरोधक बाहेर पडले होते. नंतर लोक रस्त्यावर आले आणि ते राज्यपालांकडे पाठवणार नाही असे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले. तेच विधेयक आमदारांच्या चिकित्सा समितीकडे तपासणीसाठी गेले असते, गावागावांतून सूचना आल्या असत्या, तर ज्या गरिबांच्या घरांसाठी ते आणले असे सरकार म्हणत होते त्यांनाही काही हाती लागले असते. घाईने केलेला कायदा सरकारलाही वापरता आला नाही. मुदत शिथिल करण्याचा अधिकार आणीबाणीसाठी ठेवलेला आहे, अधिवेशन आवरण्यासाठी नव्हे.

सभापतींनी नियम मोडला तर न्यायालयात जाता येते का?

कार्यपद्धतीत चूक झाली एवढ्या कारणावरून नाही. कलम २१२ तसे स्पष्ट सांगते. पण नुसती अनियमितता वेगळी आणि घटनेचेच उल्लंघन वेगळे, असा फरक न्यायालये करतात. दुसऱ्या प्रकारात ती लक्ष घालतात.

याबाबतचा एक महत्त्वाचा निकाल गोव्याचाच आहे. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार, १९९४. पक्षांतराच्या नियमांचे उल्लंघन ही कार्यपद्धतीतील अनियमितता आहे, तेवढ्यावरून सभापतींचा निर्णय रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरी नैसर्गिक न्याय पाळावा लागेल, हेही सांगितले आणि आमदार नाईक यांची पक्षांतरावरून झालेली अपात्रता रद्द केली. आमदाराने राजीनामा दिला नाही तरी त्याच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडल्याचे मानता येते, हे तत्त्वही याच निकालातले. आज देशात कुठेही आमदार फुटले की वकील हा निकाल वाचून दाखवतात.

सात विरोधकांच्या सभागृहात नियमांनी काय फरक पडतो?

सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. विरोधी बाकांवर काँग्रेसचे तीन, आम आदमी पक्षाचे दोन, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्स यांचा एकेक, असे सात जण उरले. गणसंख्या, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, घटनेप्रमाणे दहा किंवा एक दशांश, यांत जे जास्त ते, म्हणजे गोव्यात दहा. सातही जण हजर असले तरी त्यांच्या बळावर सभागृह भरत नाही. मतदान झाले तर निकाल आधीच ठरलेला.

तरीही प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. विधानसभेतला प्रश्न, ज्याला गोव्यात सगळे एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात, एकटा आमदार विचारू शकतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. ते सभागृहाच्या कामकाजाचा भाग होते आणि नंतर कुठल्याही ग्रामसभेत दाखवता येते. जमिनींचे रूपांतर, खाणी, नोकरभरती यांबद्दलची माहिती या वाटेने लोकांपर्यंत आली आहे. उत्तर देण्याऐवजी ‘माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे’ असे लिहून मिळते तेव्हा नियमाचा आत्मा मारला जातो, आणि तिथे सभापतींनी मंत्र्याला धारेवर धरले पाहिजे. ते सत्ताधारी पक्षातून आले असले तरी खुर्चीवर बसल्यावर त्या सात जणांचे राखणदार तेच.

सभागृहात मराठीत बोलता येते का?

येते, आणि आमदार बोलतात. कोकणी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा सभागृहात ऐकू येतात, कित्येकदा एकाच भाषणात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. ज्या सदस्याला अधिकृत भाषांत नीट मांडता येत नाही त्याला मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार कलम २१० ने सभापतींना दिला आहे.

सामान्य माणसाला यात काय करता येते?

आपल्या आमदाराला विचारा: येत्या अधिवेशनासाठी किती प्रश्न दिलेत, शुक्रवारसाठी खासगी ठराव दिलाय का, कामकाज सल्लागार समितीत किंवा नियम समितीत तुम्ही आहात का. प्रश्नांच्या सूचना बैठकीच्या बऱ्याच दिवस आधी द्याव्या लागतात. म्हणून गावातला विषय अधिवेशन जाहीर होताच त्यांच्या कानावर घाला, अधिवेशन सुरू झाल्यावर फार उशीर होतो. विषय तोंडी सांगू नका. सर्व्हे नंबर, खात्याचे नाव, अर्जाची तारीख असे लिहून द्या, म्हणजे प्रश्न नेमका बनतो आणि मंत्र्याला निसटता येत नाही. कामकाजाचे थेट प्रक्षेपण होते. ते पाहताना प्रश्नोत्तराचा तास पूर्ण पाहा. प्रेक्षक गॅलरीत बसायचे असेल तर पास लागतो, आणि पर्वरीला जाणार असाल तर ओळखपत्र सोबत ठेवा.